जॉक डॉड्सची टोपी: स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन,
हॅम्पडन पार्क, ग्लासगो

स. न. वि. वि.

18 एप्रिल 1942. शनिवार. आपल्याच हॅम्पडन पार्कवर, आपल्याच निवड समितीने निवडलेल्या अकरा जणांनी इंग्लंडला 5-4 असं हरवलं. मैदानात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पाचांपैकी तीन गोल जॉक डॉड्सने मारले, एक बिली लिडलने आणि विजयाचा गोल बिल शँक्लीने.

आपल्या अधिकृत नोंदींत हा सामना धरलेला नाही. युद्धाच्या काळात खेळला गेला म्हणून तो ‘अनधिकृत’. त्यामुळे इंग्लंडविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या डॉड्सच्या नावापुढे आजही स्कॉटलंडकडून सामने शून्य आणि गोल शून्य. 23 फेब्रुवारी 2007 रोजी, वयाच्या 91व्या वर्षी तो गेला. जिवंतपणी त्याला देशाची टोपी मिळाली नाही, गेल्यावरही नाही.

मराठी वाचकांसाठी एवढंच सांगते, की देशाकडून खेळल्याची खूण म्हणून फुटबॉलपटूला खरोखरीची, गोंड्याची मखमली टोपी देण्याची इथली रीत फार जुनी आहे. क्रिकेटमध्ये आपण ‘कसोटी कॅप मिळाली’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. या पत्राची इंग्रजी प्रत मी पोस्टाने असोसिएशनला पाठवते आहे. जाहीर पत्र मात्र मराठीत लिहिते, कारण मी कोल्हापूरची आहे, आणि फुटबॉलच्या एका गोलासाठी माणूस किती वर्षं झुरू शकतो हे माझ्या गावाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गेली अकरा वर्षं मी स्कॉटलंडमध्ये, ग्रेंजमथला राहते. फोर्थच्या खाडीकाठचं हे बंदराचं आणि रसायनांच्या कारखान्यांचं गाव. 7 सप्टेंबर 1915 रोजी डॉड्स इथे जन्मला. माझा मुलगा इथल्याच मुलांच्या संघात खेळतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वर्गाला आपल्या गावातल्या एखाद्या माणसावर चार पानं लिहायला सांगितली होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला डॉड्सचं नाव सुचवलं. पोरगं आकडे शोधत बसलं आणि रात्री भाकरी थापत असताना माझ्याजवळ येऊन म्हणालं, “आई, यानं इंग्लंडला तीन गोल मारले आणि याला कॅप नाही, असं कसं?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी वाचते आहे, विचारते आहे. जितकं वाचलं तितका तो प्रश्न मला जास्त लागला.

लागण्याचं दुसरं कारण घरातलं आहे. माझे आजोबा, आमचे आबा, मंगळवार पेठेतल्या एका तालमीकडून फुटबॉल खेळायचे. अनवाणी खेळायचे आणि डाव्या पायाने मारायचे, एवढंच आमच्या घरात सांगतात. त्यांचा खेळ पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. 1941 मध्ये ते मराठा पलटणीत भरती झाले. इटलीत लढले. एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीच्या काठावर, जिथे त्यांच्याच पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिथे आबांच्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा शिरला आणि तो शेवटपर्यंत आतच राहिला. परत आले ते तालमीच्या फोटोत कडेला उभं राहण्यापुरते. मी लहान असताना मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. दिलबहार आणि पाटाकडीलचा सामना असला की दोन्ही बाजूंच्या पेठा लोटायच्या, हलगी सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, आणि आबा मात्र गुडघा चोळत गप्प बघत बसायचे. कुणी वय विचारलं की पाच वर्षं कमी सांगायचे. म्हणायचे, “ती माझी नव्हती. सरकारनं नेली.”

आबांची पाच वर्षं खरोखरच गेली. त्या काळात त्यांनी चेंडूला पाय लावला नाही. डॉड्सचं दुखणं वेगळं आहे. तो ती सगळी वर्षं खेळत होता. क्लबासाठी खेळला, देशासाठी खेळला, लाखभर लोकांसमोर खेळला. ती वर्षं त्याच्याकडून युद्धाने नेली नाहीत, सज्जनहो. ती नंतर नोंदवहीतून काढली गेली.

त्याची कारकीर्द नीट मांडते, म्हणजे काय गेलं ते दिसेल.

पाळण्यातलं नाव इफ्रेम. लहानपणीच घरचे इंग्लंडात डरहॅम परगण्यात गेले आणि तिथल्या लोकांनी स्कॉटलंडचा म्हणून त्याला ‘जॉक’ केलं. म्हणजे इंग्लंडमध्ये आयुष्यभर तो स्कॉटिश म्हणूनच ओळखला गेला. हडर्सफील्ड टाउनने त्याला पोरवयात घेतलं, पण पहिल्या संघात एकदाही उतरवलं नाही. 1934 मध्ये तो शेफील्ड युनायटेडकडे गेला आणि तिथे गड्याला सूर सापडला. अंगाने भरलेला, धावायला जोरकस, दोन बचावपटू अंगावर घेऊन पुढे घुसणारा सेंटर फॉरवर्ड. तिथल्या पाच मोसमांत त्याने लीगमध्ये शंभराहून जास्त गोल केले. 1936 च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात दुसऱ्या विभागातला हा संघ वेम्बलीवर आर्सेनलशी भिडला आणि 1-0 असा हरला. त्या सामन्यात डॉड्सचं हेडर क्रॉसबारवर आदळून परत आलं. बोटभर खालून गेलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ कदाचित आली नसती. निवड समित्यांची नजर अशाच क्षणांवर जाते.

मार्च 1939 मध्ये ब्लॅकपूलने त्याच्यासाठी 10,000 पौंड मोजले. त्या काळात ही रक्कम मोठी होती. मोसमाच्या उरलेल्या काही आठवड्यांत त्याने लीगमध्ये 10 गोल करून ती फेडायला सुरुवात केली. ऑगस्टच्या अखेरीस नवा मोसम उघडला. ब्लॅकपूलने पहिले तिन्ही सामने जिंकले आणि संघ पहिल्या विभागात सर्वांत वर जाऊन बसला. 2 सप्टेंबरच्या शनिवारी तिसरा सामना झाला. रविवारी, 3 तारखेला युद्ध जाहीर झालं. गुरुवारी डॉड्सला 24 वर्षं पूर्ण झाली.

लीग बंद झाली. खेळाडूंचे करार स्थगित झाले. ते तीन सामने मोसमातून पुसले गेले. नंतर सरकारच्या परवानगीने प्रादेशिक सामने सुरू झाले, तेव्हा खेळाडूला एका सामन्याचे 30 शिलिंग मिळू लागले. आठवडाभर लष्करात किंवा कारखान्यात राबायचं, शनिवारी रजा मिळाली तर जवळच्या क्लबाकडून पाहुणा म्हणून उतरायचं. डॉड्स हवाई दलात कवायत शिकवायचा. त्या पाच-सहा वर्षांत त्याने ब्लॅकपूलसाठी दोनशेहून अधिक गोल केले. फेब्रुवारी 1942 मध्ये ट्रॅनमियर रोव्हर्सवर ब्लॅकपूलने 15-3 असा विजय मिळवला, त्यात गोलांचा सगळ्यात मोठा वाटा त्याचा होता. ब्लॅकपूलच्या अधिकृत लीग नोंदींत त्याचे गोल किती? तेच 1939 च्या वसंतातले 10.

31 ऑगस्ट 1946 रोजी लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा डॉड्स एकतिशीच्या उंबरठ्यावर होता. ब्लॅकपूलशी त्याचं पटलं नाही. काही काळ डब्लिनला शॅमरॉक रोव्हर्सकडे, मग एव्हर्टनकडे, आणि शेवटी लिंकन सिटीकडे. एव्हर्टनमध्येही त्याने गोल केले. पाय अजून चालत होता. पण वेग गेला होता, आणि स्कॉटलंडची निवड समिती पुढच्या पिढीकडे वळली होती. ज्या ब्लॅकपूलने नंतर 1953 चा एफए कप उचलला त्यात तो नव्हता. तो अगदी निर्मळ माणूस होता असंही मी म्हणत नाही. पुढे कोलंबियातल्या क्लबासाठी खेळाडू जमवून देण्याच्या प्रकरणात तो सापडला आणि फुटबॉल लीगने त्याच्यावर बंदी घातली. ते झालं 1950 मध्ये. 1942 च्या तीन गोलांशी त्याचा काही संबंध नाही.

आता देशासाठीच्या सामन्यांबद्दल. युद्धाच्या वर्षांत आणि त्यानंतरच्या विजयोत्सवी सामन्यांत डॉड्स स्कॉटलंडकडून आठ वेळा खेळला. हे सामने कुठल्या हौशी मंडळींनी भरवलेले नव्हते. दोन असोसिएशनांनी ठरवले, दोन निवड समित्यांनी संघ जाहीर केले, तिकिटं विकली गेली. वेम्बलीवरचा जानेवारी 1942 चा सामना चर्चिल यांच्या पत्नीच्या रशिया मदत निधीसाठी होता. लोक कोणत्या परिस्थितीत येत होते तेही आठवा. 13 आणि 14 मार्च 1941 च्या दोन रात्रींत ग्लासगोला लागून असलेल्या क्लाइडबँकवर बॉम्ब पडले. पाचशेहून अधिक माणसं मेली, आणि त्या गावात धड उभी राहिलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यानंतर तेरा महिन्यांनी त्याच भागातली माणसं हॅम्पडनवर उभी राहून डॉड्सच्या गोलांना ओरडत होती. त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं, की स्कॉटलंडने इंग्लंडला हरवलं का, तर त्याने ‘अनधिकृतपणे’ असा शब्द वापरला नसता.

माझ्या तक्रारी आता सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी हीच, की सामना आपण ठरवलात, संघ आपण निवडलात, जर्सी आपण दिलीत, आणि नंतर मोजदाद करताना तो आपला नाही म्हणालात. खेळाडूने त्यात काहीही कमी केलं नव्हतं. त्याला बोलावलं, तो आला, खेळला. नियमाच्या ज्या बाजूने पाहाल त्या बाजूने त्याची चूक शून्य आहे आणि शिक्षा मात्र पूर्ण.

दुसरी तक्रार अशी, की आपण हे दुरुस्त करू शकता हे आपणच दोनदा दाखवलं आहे. पूर्वी आपण फक्त इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडविरुद्धच्या सामन्यांसाठी टोपी देत होता. त्यामुळे 1958 च्या विश्वचषकात स्वीडनमध्ये स्कॉटलंडकडून खेळलेल्या स्ट्युअर्ट इमलाकला टोपी नव्हती. विश्वचषकात खेळला आणि टोपी नाही! त्याच्या मुलाने जाहीरपणे हा प्रश्न लावून धरला आणि 2006 मध्ये आपण नियम बदलून अशा खेळाडूंना टोप्या दिल्या. इमलाक तोवर हयात नव्हता, टोपी घरच्यांच्या हाती आली. मग 2021 मध्ये आपण 1967 चा जगदौरा पुन्हा तपासलात आणि त्यातल्या काही सामन्यांना पूर्ण आंतरराष्ट्रीय दर्जा दिलात. त्यातूनच सर अॅलेक्स फर्ग्युसन यांना त्यांची टोपी मिळाली, चोपन्न वर्षांनी. दोन्ही निर्णय मला मनापासून आवडले. पण 1967 चा दौरा पाहा. त्या उन्हाळ्यात सेल्टिक, रेंजर्स आणि लीड्सचे खेळाडू युरोपातल्या क्लब स्पर्धांमुळे दौऱ्यावर नव्हते. म्हणजे संघ पूर्ण ताकदीचा नव्हता, आणि तरीही आपण तो मानलात, योग्यच केलंत. मग 1942 च्या संघाला ‘तेव्हा सगळे चांगले खेळाडू उपलब्ध नव्हते’ हे कारण कसं लावता येईल?

तिसरी तक्रार 1946 ची आहे आणि तिला तर युद्धाचं कारणही पुरत नाही. 13 एप्रिल 1946 रोजी हॅम्पडनवर स्कॉटलंड आणि इंग्लंड खेळले. युद्ध संपून जवळजवळ आठ महिने झाले होते. 1,39,468 प्रेक्षक आले. अगदी शेवटच्या क्षणी जिमी डिलेनीने गोल केला आणि स्कॉटलंड 1-0 असं जिंकलं. हाही अनधिकृत. एक लाख एकोणचाळीस हजार माणसांनी पाहिलेला गोल कागदावर नाही, हे मी माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी आकडा चुकीचा वाचला.

चौथी तक्रार मोठ्या नावांबद्दल आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. त्यांना कीर्तीची उणीव नाही. पुढे लिव्हरपूलचा नामांकित प्रशिक्षक झालेल्या बिल शँक्लीला पाच अधिकृत टोप्या मिळाल्या. त्याशिवाय तो युद्धकाळात सात सामने खेळला, आणि देशासाठी त्याने केलेला एकमेव गोल म्हणजे त्या 18 एप्रिलचा विजयाचा गोल. लिडलने त्याच दिवशी देशाकडून पहिला सामना खेळून गोल केला. पुढे हवाई दलात नॅव्हिगेटर झाला आणि युद्धानंतर 28 अधिकृत सामने खेळला. ही माणसं पुढे-मागे नोंदींत आली. टॉमी वॉकर तर डॉड्सच्याच वर्षी, 1915 मध्ये जन्मलेला. पण तो विशीच्या आतच हार्ट्सकडून खेळत निवड समितीच्या डोळ्यांत भरला आणि युद्ध सुरू होण्याआधीच त्याच्या टोप्या वीसच्या घरात गेल्या. दोघांचं वय एक, युद्ध एक. एकाचा बहर चार वर्षं आधी आला, एकाचा चार वर्षं नंतर. एवढ्यावरून एकाला वीस आणि दुसऱ्याला शून्य. डॉड्ससारखे, ज्यांचा सगळा आंतरराष्ट्रीय खेळच त्या सहा वर्षांत झाला, त्यांच्यासाठी मी भांडते आहे.

आपल्या बाजूने काय म्हटलं जाईल याचाही मी विचार केला आहे. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्या टाळणार नाही.

युद्धकाळातले सामने ढिले असायचे. 25 सप्टेंबर 1943 ला वेम्बलीवर इंग्लंड आणि वेल्सच्या सामन्यात वेल्सचा एक खेळाडू जखमी झाला, त्यांच्याकडे राखीव नव्हता, म्हणून इंग्लंडचा राखीव स्टॅन मॉर्टेनसन वेल्सची जर्सी घालून उतरला. असा सामना अधिकृत म्हणायला मलाही जड जाईल. पण म्हणून सरसकट सगळ्याच सामन्यांवर काट मारायची का? 1967 च्या दौऱ्यातला एकेक सामना आपण वेगवेगळा तपासलात, काही घेतलेत, काही सोडलेत. इथेही तेच करा.

कुणी म्हणेल, स्कॉटलंडने जिंकलेले सामने मोजायची ही युक्ती आहे. नाही. युद्धातले बहुतेक सामने स्कॉटलंड हरलं. 16 ऑक्टोबर 1943 ला मँचेस्टरमध्ये मेन रोडवर इंग्लंडने 8-0 असं धुतलं. हा सामनाही मोजा. इंग्लंडविरुद्ध इतका लाजिरवाणा पराभव नोंदींत येईल, येऊ द्या. त्या दिवशी देशाची जर्सी घालून शेवटपर्यंत पळालेल्या अकरा जणांसाठीही ती आपलीच जर्सी होती.

आणि म्हणाल, की इंग्लंडही हे सामने मोजत नाही. खरं आहे. पण 2006 मध्ये आणि 2021 मध्ये आपण दुसऱ्या कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती.

इथे मला मुंबईतली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आमच्याकडे घडली आणि तिच्यात हाच प्रश्न फार स्वच्छ दिसतो. डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा क्रिकेटपटू आणि आर्सेनलचा फुटबॉलपटू. युद्धात त्याची नेमणूक महूच्या छावणीत झाली होती. मार्च 1945 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध होळकर. सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून कॉम्प्टन उतरला. विजय मर्चंटने मुंबईसाठी 278 धावा केल्या, मुंबईने दुसऱ्या डावात 764 चा डोंगर रचला, आणि हरणाऱ्या बाजूने कॉम्प्टन नाबाद 249 वर उभा राहिला. सामन्यात दोन्ही बाजूंनी मिळून 2,078 धावा झाल्या. गणवेशातल्या सैनिकाने, परक्या देशात, ऐन युद्धात केलेल्या त्या 249 धावा प्रथम श्रेणीच्या नोंदींत पक्क्या आहेत. त्या कधी पुसायच्या असं कुणाला सुचलंही नाही. आता त्याच माणसाचं फुटबॉल पाहा: त्याच युद्धात तो इंग्लंडकडून बारा आंतरराष्ट्रीय सामने खेळला, आणि त्याच्या नावावर अधिकृत कॅप एकही नाही. ब्रेबॉर्नवरची धाव खरी आणि वेम्बलीवरचा पास खोटा? माणूस तोच, युद्ध तेच. वेगळी होती ती फक्त वही धरणाऱ्याची वृत्ती. आमच्या क्रिकेट मंडळाच्या शंभर गोष्टींवर मी बोट ठेवेन, पण इथे त्यांनी खेळ झाला तसा लिहून ठेवला.

आता मागण्या. त्या चारच आहेत.

युद्धकाळातल्या आणि 1945-46 च्या विजयोत्सवी सामन्यांची, एकेक करून, तपासणी करणारी छोटी समिती नेमा. त्यात आपल्या हॅम्पडनमधल्या फुटबॉल संग्रहालयातले इतिहासाचे जाणकार घ्या. ज्या सामन्यात दोन्ही असोसिएशनांनी संघ निवडले आणि खेळाडू आपापल्या देशाकडून खेळले, तो सामना पूर्ण आंतरराष्ट्रीय माना.

ज्यांच्या नावावर फक्त असेच सामने आहेत, त्यांना टोपी द्या. ते हयात नसतील तर घरच्यांना द्या, इमलाकच्या घरच्यांना दिलीत तशी. सुरुवात जॉक डॉड्सपासून करा.

समितीचं काम संपेपर्यंत निदान खेळाडूंच्या जाहीर माहितीत ‘युद्धकाळ’ असा वेगळा रकाना उघडा आणि त्यात सामने व गोल लिहा. हे करायला कुठला ठराव लागत नाही, एका माणसाचं एका आठवड्याचं काम आहे. शून्याच्या शेजारी 8 दिसू दे.

चौथी मागणी वेळेबद्दल आहे. या खेळाडूंची मुलं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. इमलाकला जे पाहायला मिळालं नाही ते निदान मुलांना मिळावं, म्हणून येत्या 18 एप्रिलच्या आत निर्णय जाहीर करा. नकार असेल तरी चालेल, पण कारणांसकट, लेखी आणि सर्वांना वाचता येईल असा असावा. म्हणजे पुढे कुणाला त्यावर बोलता येईल.

कोल्हापुरातल्या आणि बाहेरच्या वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या तालमींच्या, क्लबांच्या भिंतींवर 1939 ते 1946 या वर्षांतले जे फोटो असतील, त्यातली नावं विचारून, मागे पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवा. आमच्या तालमीतल्या 1940 च्या फोटोत आबा मधल्या रांगेत डावीकडून तिसरे आहेत. हे मला माझ्या आत्याने सांगितलं, आणि आता ते सांगणारी तीच एकटी उरली आहे.

असोसिएशनने मला बोलावलं तर मी मुलाला घेऊन हॅम्पडनला येईन. ग्रेंजमथहून तासा-दीड तासाचा रस्ता आहे, आणि त्याची चार पानं अजून आमच्याकडे आहेत.

कळावे,

आपली,
ग्रेंजमथमध्ये राहणारी एक कोल्हापूरकर